लिनक्सच्या गाभ्याची दुरुस्ती

दारव्हा तालुक्यांतील बोरी अरबच्या बाजारांत उभा असलेला शेतकरी आज खिशांतून फोन काढतो, कांचेवर बोट फिरवतो आणि कापसाचा भाव देवनागरी अक्षरांत वाचतो. तो फोन कोणत्याहि कंपनीचा असो. तो अँड्रॉइडवर चालणारा असेल तर त्याच्या तळाशीं एकच प्रोग्रॅम अहोरात्र जागा असतो, आणि त्याचें नांव लिनक्स. हा प्रोग्रॅम कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाहीं. त्याचा मूळ मजकूर कोणालाहि वाचतां येतो, बदलतां येतो आणि पुढें वांटतां येतो. मग त्यांत बिघाड झाला तर दुरुस्त कोण करतें, कोणत्या रीतीनें करतें, आणि ही रीत कशी घडत गेली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. या इतिहासांत पुण्याचाहि एक वांटा आहे. तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. म्हणून त्यासाठीं मी अंमळ अधिक वेळ घेणार आहें.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. इंग्रजींत 'कर्नेल' म्हणजे बियांतील गर. संगणकाचें काम चालविणाऱ्या प्रोग्रॅमचा जो सर्वांत आंतला भाग, त्याला हें नांव पडलें. आपण त्याला गाभा म्हणूं. स्मृतीची वांटणी करणें, कोणत्या प्रोग्रॅमला किती वेळ धावूं द्यावयाचें तें ठरविणें, एकाचा हात दुसऱ्याच्या मालाला लागूं न देणें, हीं गाभ्याचीं कामें. दुसरा शब्द 'ड्रायव्हर'. हा शब्द ऐकतांच आगगाडीचा ड्रायव्हर डोळ्यांपुढें येतो, परंतु येथें ती उपमा चालणार नाहीं. वऱ्हाडांतील श्रोत्यांना याहून चांगली उपमा मूर्तिजापूरला मिळेल. यवतमाळहून दारव्हा-कारंज्यावरून मूर्तिजापूरला जाणारी आपली शकुंतला अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून चाले. मुंबई-नागपूरचा थोरला मार्ग साडेपांच फुटांचा. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चढणें अशक्य. म्हणून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भराव्या लागत. शकुंतला आतां धावत नाहीं, पण गाठी उचलणाऱ्या त्या हमालाची आठवण ठेवा. दोन्ही गाड्यांच्या दारांची उंची त्याला ठाऊक, दोहींच्या वेळा ठाऊक, आणि त्याच्यावांचून माल जागचा हलत नाहीं. संगणकांतील ड्रायव्हर हा असा हमाल आहे. गाभ्याची रीत एक, आणि प्रिंटर, कॅमेरा, पडदा, जाळ्याचें कार्ड या प्रत्येक उपकरणाची तऱ्हा निराळी. दोहोंमध्यें देवघेव करणारा जो प्रोग्रॅमचा तुकडा, तो ड्रायव्हर.

मूळ मजकूर खुला असावा या हट्टाचा उगमहि एका ड्रायव्हरच्या भांडणांतच आहे, हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेंत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक नवा प्रिंटर आला. त्यांत कागद अडकला कीं तो मुकाट्यानें थांबे, आणि लोक आपल्या छपाईची वाट पाहत बसत. आधींच्या प्रिंटरच्या वेळीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं प्रोग्रॅममध्यें फेरफार करून ठेवला होता, कीं कागद अडकतांच ज्याची छपाई खोळंबली असेल त्याच्या पडद्यावर सूचना उमटावी. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मात्र कंपनीनें दिलाच नव्हता. आणि ज्या एका मनुष्याजवळ तो होता, त्यानें तो कोणासहि न देण्याचा करार केलेला होता. दुरुस्ती कशी करावयाची तें माहीत, करणारा तयार, आणि तरीहि हात बांधलेले! १९८३ च्या सप्टेंबरांत स्टॉलमन यांनीं जी मुक्त प्रोग्रॅमांची चळवळ जाहीर केली, तिच्या मुळाशीं हा अनुभव होता.

त्याच सुमारास दुसरीकडेहि दार बंद होत होतें. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत जॉन लायन्स नांवाच्या अध्यापकांनीं युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा मूळ मजकूर आणि त्यावर स्वतःची ओळवार टीका विद्यार्थ्यांना छापून दिली. आपल्याकडे मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका एकत्र वाचण्याची जी जुनी चाल आहे, तशीच ही. परंतु १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यानें मूळ मजकूर वर्गांत शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांच्या पुस्तकाच्या छायाप्रती मग पुष्कळ वर्षें हातोहात फिरत राहिल्या. ही मनाई डोळ्यांपुढें ठेवूनच ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं अध्यापनासाठीं १९८७ सालीं 'मिनिक्स' ही स्वतंत्र लहान प्रणाली लिहिली. ती विकत घेऊन वाचणाऱ्यांत हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी होता: लिनस तोरवाल्ड्स.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं एकवीस वर्षांच्या तोरवाल्ड्स यांनीं मिनिक्सच्या वाचकांना कळविलें, कीं आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहों. ती कांहीं मोठी होणार नाहीं, आणि स्वतःजवळ असलेल्या जातीच्या डिस्कांशिवाय दुसऱ्या डिस्कांवर ती बहुधा कधींच चालणार नाहीं. भविष्य वर्तविण्याच्या कामांत इतका चुकलेला मनुष्य विरळा. पहिल्या आवृत्तींत सुमारें १०,००० ओळी होत्या. १९९२ सालीं लिनक्सला स्टॉलमन यांचा परवाना लागूं झाला, आणि १४ मार्च १९९४ रोजीं १.० ही आवृत्ती निघाली तेव्हां ओळी झाल्या १,७६,२५०. २०२० सालीं ही संख्या २ कोटी ७० लाखांच्या वर गेलेली होती. या वाढींतला अर्ध्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचा आहे. गाभा फुगला तो विचारानें नव्हे, उपकरणांच्या गर्दीनें.

आतां दोषांकडे वळूं. प्रोग्रॅममधील दोषाला इंग्रजींत 'बग' म्हणजे किडा म्हणतात. कापूस पिकविणाऱ्या मुलखांत या शब्दाचें मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आंत असते; बोंड बाहेरून हिरवेंगार, टवटवीत दिसतें, आणि फोडून पाहावें तों आंतला कापूस सडलेला. गाभ्यांतील दोष बहुतेक ह्याच जातीचे. स्मृतीची एखादी जागा परत केल्यावरहि कोणी तिच्यावर लिहीत राहतो. ती जागा तोंवर दुसऱ्याला दिलेली असते. बिघाड होतो तो त्या दुसऱ्याच्या घरीं, आणि तोहि कांहीं वेळानें. त्यामुळें संशय नेहमीं निरपराध्यावर जातो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००१ सालीं लिनक्सचा मजकूर यंत्राकडून तपासविला, तेव्हां ड्रायव्हरांतील दोषांचें प्रमाण गाभ्याच्या इतर भागांच्या तिपटीपासून सातपटीपर्यंत आढळलें. याचें कारण उघड आहे. स्मृतीची वांटणी करणारा भाग जगांतील प्रत्येक यंत्रावर रोज चालतो, त्यामुळें त्याची परीक्षा आपोआप होते. एखाद्या आडवळणी कार्डाचा ड्रायव्हर मात्र ज्याच्याजवळ तें कार्ड आहे त्यालाच पारखतां येतो, आणि असे लोक जगांत कदाचित् पन्नासच असतात.

असा दोष सांपडावा कसा? याच प्रश्नावर लिनक्सच्या कारागिरांत पुष्कळ वर्षें वाद चालला, आणि येथेंच पुण्याचा संबंध येतो.

साधा प्रोग्रॅम बिघडला तर तो मध्येंच थांबवून, एकेक पाऊल चालवून, आंतील आंकडे पाहण्याचें साधन असतें. त्याला 'डीबगर' म्हणतात. स्टॉलमन यांनीं १९८६ सालीं लिहिलेला 'जीडीबी' हा त्यांतील प्रसिद्ध. पण गाभ्याला हें साधन सरळ लावतां येत नाहीं. डीबगर हा स्वतः गाभ्याच्या आधारानें चालणारा प्रोग्रॅम. गाभाच थांबविला तर डीबगरहि थांबला. ज्या फांदीवर बसावयाचें तीच तोडण्याचा हा प्रकार. यावर उपाय म्हणजे दोन संगणक घ्यावयाचे आणि ते तारेनें जोडावयाचे. एकावर रोगी, म्हणजे तपासावयाचा गाभा; दुसऱ्यावर वैद्य, म्हणजे जीडीबी. रोग्याच्या गाभ्यांत एक लहानसा तुकडा आधींच बसवून ठेवावयाचा. ज्या ठिकाणीं थांबावयाचें तेथील आज्ञेचा एक अंश काढून त्या जागीं 'थांब' अशी एका बाइटाची आज्ञा घालावयाची. गाभा तेथें पोहोंचला कीं सर्व प्रोसेसर जागच्या जागीं उभे राहतात. मग तो तुकडा तारेवरून दुसऱ्या संगणकाला कळवितो, "मी अमुक ठिकाणीं थांबलों आहें, काय पाहावयाचें तें विचारा." वैद्यानें विचारावें, रोग्यानें सांगावें, आणि पाहून झालें कीं पुन्हां चालूं लागावें. या साधनाचें नांव 'केजीडीबी'.

लिनक्ससाठीं केजीडीबीचा सांभाळ २००० पासून २००४ पर्यंत अमित काळे यांनीं केला. २००४ पासून २००६ पर्यंत तें काम पुण्याच्या लिनसिससॉफ्ट या कंपनीकडे होतें. सांभाळ हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहें. हें साधन तेव्हां लिनक्सच्या अधिकृत मजकुरांत नव्हतें. तें बाहेरून चढवावयाचें ठिगळ होतें. गाभ्याची नवी आवृत्ती निघाली कीं आंतील ओळी हलत आणि ठिगळ उसवे. तें पुन्हां बसवावयाचें, निरनिराळ्या जातींच्या प्रोसेसरांवर चालवून पाहावयाचें, वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकावयाच्या. आणि इतकें होतें न होतें तों पुढची आवृत्ती दारांत उभी. नवें कांहीं निर्माण केल्याची कीर्ति या कामांत नाहीं. घर शाकारण्यासारखें हें काम आहे: दर पावसाळ्यापूर्वीं करावयाचें, आणि केलें तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

हें ठिगळ मजकुराबाहेरच कां राहिलें? तर तोरवाल्ड्स यांना तें आंत नको होतें. २००० सालच्या सप्टेंबरांत त्यांनीं आपलें मत अगदीं रोखठोक शब्दांत मांडलें. डीबगर आपल्याला आवडत नाहीं. त्याच्या हाताशीं असण्यानें मनुष्य लक्षणांवर पट्टी बांधतो आणि रोग तसाच ठेवतो. साधन नसेल तर त्याला मूळ मजकूर वाचून विचार करावा लागतो. आणि या अडचणीमुळें कांहीं निष्काळजी लोक निघून गेले तर आपल्याला त्याचें दुःख नाहीं, असा त्यांचा एकूण आशय होता. अनेकांना हें उर्मट वाटलें. उलट पक्षाचें म्हणणेंहि हलकें नव्हतें. ज्यानें गाभा स्वतः लिहिला त्याच्या डोक्यांत सगळा नकाशा आहे. ज्याला दुसऱ्याच्या मजकुरांत, दुसऱ्याच्या कार्डासाठीं, महिन्याभरांत ड्रायव्हर लिहून द्यावयाचा आहे, त्यानें नुसत्या चिंतनावर किती भिस्त ठेवावी? तोरवाल्ड्स यांचे उजवे हात समजले जाणारे अँड्र्यू मॉर्टन यांनीं तर आपल्या स्वतःच्या चांचणीच्या मजकुरांत केजीडीबीची जॉर्ज अँझिंगर यांनीं केलेली आवृत्ती ठेवलेली होती. घरांत बंदी, आणि ओसरीवर मुभा!

या वादांत पुण्याच्या बाजूचें सामर्थ्य कोठें होतें, याचा एक पुरावा मला महत्त्वाचा वाटतो. काळे हे नुसते साधन घडविणारे नव्हते. ते ड्रायव्हरहि लिहीत. नेटझेन कंपनीच्या दहा गिगाबिट वेगाच्या जाळें-कार्डाचा ड्रायव्हर त्यांनीं लिहिला, आणि तो फेब्रुवारी २००७ मध्यें निघालेल्या २.६.२० या आवृत्तींत अधिकृत मजकुरांत आला. अशा कार्डाशीं झगडणारा मनुष्य डीबगर मागतो तो आळसानें नव्हे. कार्डाच्या आंत काय चाललें आहे तें मूळ मजकुरांत लिहिलेलेंच नसतें. मग मजकूर कितीहि वेळां वाचला तरी तें कळावें कसें?

अखेरीस तोडगा निघाला. २००६ नंतर विंड रिव्हर कंपनीचे जेसन वेसल यांनीं केजीडीबीचा सांभाळ हातीं घेतला. रेड हॅटचे इंगो मोल्नार यांच्यासह त्यांनीं त्यांतील पसारा काढून टाकला. जाळ्यावरून चालविण्याची सोय गेली, अनेक जोडण्या गेल्या, आणि उरलेलें सडपातळ साधन १३ जुलै २००८ रोजीं निघालेल्या २.६.२६ या आवृत्तींत समाविष्ट झालें. आठ वर्षें दाराबाहेर उभें राहिलेलें साधन आंत आलें, तें वजन उतरवून.

आतां योगायोग पाहा. त्याच वर्षीं, अवघ्या दोन महिन्यांनीं, लिनक्सच्या इतिहासांतील एक अत्यंत विचित्र दोष उघडकीस आला. आणि त्यानें दोन्ही पक्षांना कांहींतरी शिकविलें. २.६.२७ या होऊं घातलेल्या आवृत्तीची चांचणी करणाऱ्यांच्या संगणकांतील इंटेल कंपनीचीं जाळें-कार्डें मरूं लागलीं. कार्डाची स्वतःची ओळख व व्यवस्था ज्या कायम स्मृतींत लिहिलेली असते, तिच्यांतील मजकूरच पुसला जात होता. अशा कार्डाला संगणक पुन्हां सुरू केल्यानेंहि जीव येत नसे. संशय अर्थातच त्या कार्डाच्या 'ई१०००ई' या ड्रायव्हरवर गेला. कित्येक वितरकांनीं आपल्या चांचणीच्या आवृत्त्यांतून तो काढून घेतला. आणि शोध तरी कसा घ्यावयाचा? एरव्हीं जुनी चांगली आवृत्ती आणि नवी वाईट आवृत्ती यांच्यामधील बदल निम्मेनिम्मे करीत गुन्हेगार गांठतां येतो. येथें प्रत्येक प्रयोगांत एक कार्ड गमावण्याची भीति.

२.६.२७ ही आवृत्ती ९ ऑक्टोबर २००८ रोजीं निघाली, ती कार्डाच्या कायम स्मृतीला कुलूप घालून. परंतु चोर कोण तें ठरावयाचें होतें. शेवटीं निष्पन्न झालें तें असें. त्या आवृत्तींत गाभ्यांतील कामाचा माग ठेवणारें 'एफट्रेस' हें नवें साधन आलेलें होतें. तें प्रत्येक कार्याच्या आरंभींची जागा टिपून ठेवी, आणि मागाहून तेथें जाऊन एक आज्ञा बदली. ड्रायव्हर सुरू होतांना एकदांच लागणारा मजकूर काम झाल्यावर फेकून दिला जातो व ती जागा मोकळी होते. एफट्रेसच्या वहींत मात्र ती नोंद तशीच राहिली. पुढें तीच जागा इंटेलच्या कार्डाची कायम स्मृति दाखविण्याकरितां दिली गेली. एफट्रेस जुन्या पत्त्यावर गेलें. त्यानें खबरदारी घेतली होती, कीं अपेक्षित आज्ञा तेथें असेल तरच बदल करावयाचा. पण प्रोसेसरची ती तुलना करून बदलणारी आज्ञा अशी आहे, कीं तुलना फसली तरी ती कांहींतरी परत लिहितेच. साध्या स्मृतींत त्यानें कांहीं बिघडत नाहीं. कार्डाच्या स्मृतींत तेवढ्यानें घात झाला. १५ ऑक्टोबर रोजीं निघालेल्या २.६.२७.१ मध्यें एफट्रेसचा तो भाग बंद करण्यांत आला. एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड यांनीं पुढें तें अधिक सावध केलें, आणि आज गाभ्याच्या कामांत त्याच्याइतकें उपयोगी साधन दुसरें क्वचितच असेल.

म्हणजे ड्रायव्हर निर्दोष होता. घात केला तो दोष शोधण्याच्या साधनानें! तोरवाल्ड्स यांच्या पक्षाला यावरून मान डोलावतां आली असती. पण मला हें तितकें सरळ वाटत नाहीं. हा दोष सांपडला तो मजकूर वाचून खरा. मात्र कोणता मजकूर वाचावयाचा हें ज्यांनीं तुटक्या कार्डांचे अहवाल पाठविले, ज्यांनीं आपलीं यंत्रें पणाला लावलीं, त्यांच्यावांचून कळलें नसतें. वाचन आणि पाहणी या दोहोंत निवड करण्याचा प्रश्न येथें मुळीं उद्भवतच नाहीं. आणि नुसत्या विचारावर ज्यांचा भर, त्यांनाहि विसर पडतोच. 'डर्टी काऊ' या नांवानें गाजलेला दोष ऑक्टोबर २०१६ मध्यें दुरुस्त झाला. तोरवाल्ड्स यांनीं स्वतः तो अकरा वर्षांपूर्वीं एकदां दुरुस्त केला होता. ती दुरुस्ती आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर अडचण आल्यामुळें उलटविली गेली, आणि उघडें राहिलेलें दार मग कोणाच्या लक्षांत राहिलें नाहीं. सामान्य वापरणाऱ्याला त्या दारानें यंत्राचा सर्वाधिकार मिळवितां येत असे, आणि अँड्रॉइडचे फोनहि त्यांतून सुटले नव्हते.

आज दुरुस्तीची रीत बरीच स्थिरावली आहे. दुरुस्ती करणारा आपला बदल लहान तुकड्यांत, कारणासह, त्या भागाच्या सांभाळकर्त्याकडे पाठवितो. २००४ पासून त्याखालीं आपली सही करण्याचीहि चाल आहे. २००५ सालच्या मार्चांत निघालेल्या आवृत्त्यांच्या नव्या शाखेंत केवळ दुरुस्त्या घेतल्या जातात. कच्च्या ड्रायव्हरांसाठीं २००८ सालीं मजकुरांतच एक निराळी ओसरी काढण्यांत आली. नवशिक्यांनीं तेथें हात साफ करावा आणि ड्रायव्हर पक्का झाला कीं आंत न्यावा, अशी योजना. दोष हुडकण्याकरितां आतां यंत्रेंहि राबतात: तीं गाभ्याला रात्रंदिवस वेड्यावाकड्या विनंत्या करीत राहतात आणि तो कोठें कोसळतो तें पाहतात.

दोन संगणकांची आणि तारेची जरुरीहि पहिल्यासारखी राहिलेली नाहीं. एकाच यंत्राच्या पोटांत दुसरें मानीव यंत्र चालवितां येतें. रोगी आणि वैद्य एकाच मेजावर बसतात. बोरी अरबच्या एखाद्या विद्यार्थ्याजवळ साधा लॅपटॉप असला तरी गाभ्याचा सगळा मूळ मजकूर त्याला फुकट उतरवून घेतां येईल. त्यानें त्यांतील 'कर्नेल' या कप्प्यांतील 'डीबग' कप्पा उघडावा. तेथील मुख्य मजकुराच्या माथ्यावर, ज्यांनीं ज्यांनीं हें साधन घडविलें त्यांचीं नांवें वर्षांसह लिहिलेलीं आहेत. त्यांत अमित काळे यांचें नांव आहे, आणि खालीं लिनसिससॉफ्टचें: २००४ ते २००६.